वुकोवार: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची, गेली सहा वर्षं क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबला. ऑफिसातली माझी जवळची मैत्रीण वुकोवारची, त्यामुळं ईस्टर, द्राक्षांचा हंगाम, नाहीतर असाच कुठला लाँग वीकेंड आला की मी तिच्या घरी. सुट्टीत इकडं आले की सगळे तेच तेच विचारतात, मावशी विचारते, कॉलेजचा ग्रुप विचारतो, मग मी एकदाच बसून लिहून काढलं. आता लिंक पाठवते आणि चहा पिते.

हे वुकोवार नेमकं आलं कुठं?

क्रोएशियाच्या पार पूर्व टोकाला, डॅन्यूब नदीच्या काठावर. पलीकडचा काठ म्हणजे सर्बिया. वुका नावाची छोटी नदी इथं डॅन्यूबला मिळते आणि ‘वार’ म्हणजे हंगेरियन भाषेत किल्ला, म्हणजे वुकावरचा किल्ला, वुकोवार. आठवड्याच्या वारांशी काही संबंध नाही (हो, हेही विचारलंय एकानं).

गाव म्हणायचं का शहर?

कागदावर शहर, जिल्ह्याचं ठिकाण. माणसं २०२१ च्या जनगणनेत २३,१७५. आपल्याकडं एवढी माणसं एखाद्या छोट्या नगरपालिकेत असतात. १९९१ मध्ये हाच आकडा ४४,६३९ होता. तीस वर्षांत जवळपास अर्धं गाव गेलं. आकडे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत, कारण या गावाची सगळी भानगड मोजण्यातच आहे.

तिथं राहतं तरी कोण कोण?

क्रोएट आणि सर्ब हे मुख्य. शिवाय हंगेरियन, रुसिन, युक्रेनियन, स्लोव्हाक, रोमा आणि थोडेफार जर्मन. रुसिन म्हणजे रशियन नाही बरं का, कार्पेथियन डोंगरातून आलेले वेगळेच लोक, त्यांची भाषा वेगळी, चर्च वेगळं. वुकोवारजवळ पेत्रोव्त्सी आणि मिक्लुशेव्त्सी ही त्यांची जुनी गावं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तर चित्र अजून वेगळं होतं. तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीचं राज्य, आणि १९१० च्या मोजणीत गावातला दर तिसरा माणूस जर्मन बोलणारा. ज्यू होते, त्यांचं सिनेगॉग होतं. ज्यूंना दुसऱ्या महायुद्धात संपवलं, जर्मनांना १९४४-४५ मध्ये हाकललं आणि रिकाम्या झालेल्या घरांत बोस्निया, लिका, हर्झेगोव्हिना अशा डोंगराळ, गरीब भागांतून माणसं आणून बसवली. त्यामुळं ‘आम्ही इथले मूळचे’ असं कुणी छाती पुढं काढून सांगायला लागलं की मी गप्प बसते. जर्मन जहागीरदार एल्ट्झ घराणंसुद्धा १७३६ मध्ये जहागीर विकत घेऊन आलेलं, त्यांचा वाडा आता म्युझियम आहे आणि युरो येण्याआधी २० कुनाच्या नोटेवर मागच्या बाजूला तोच छापलेला असायचा. गावातला नोबेलवाला माणूस, लिओपोल्ड रुझिचका (रसायनशास्त्र, १९३९), त्याचंही आडनाव चेक.

आडनावावरून कळतं का कोण कुठला?

हा खास आपला प्रश्न! कळतं, कधी कधी. पण बऱ्याचदा आडनावं दोन्हीकडं सारखीच असतात, मग लोक पहिलं नाव बघतात, आजीचं नाव बघतात, ख्रिसमस कधी करता ते बघतात. क्रोएट कॅथलिक, त्यांचा २५ डिसेंबरला, सर्ब ऑर्थोडॉक्स, त्यांचा ७ जानेवारीला. मैत्रिणीची आई क्रोएट, बाबा सर्ब, त्यांच्या घरी लहानपणी दोन्ही व्हायचे, म्हणजे केक दोनदा, आणि तिला वाटायचं सगळ्यांकडंच असं असतं.

जाता जाता, मी तिच्या बाबांना ‘काका’ म्हणायला गेले होते, सगळं टेबल हसायला लागलं. तिकडं लहान मुलांच्या भाषेत काका म्हणजे शी. तेव्हापासून ते ‘चिका’ आणि आई ‘तेता’.

बाटाचा आणि या गावाचा काय संबंध?

हा माझा आवडता प्रश्न आहे. बाटा आपलीच कंपनी असं आपल्यातल्या निम्म्या लोकांना वाटतं, शाळेचे बूट बाटाचे, किंमत नेहमी पंच्याण्णव पैशांवर संपणारी. कंपनी मुळात चेक, झ्लीन गावची. त्या लोकांनी १९३१ मध्ये वुकोवारला लागून बोरोवो इथं डॅन्यूबकाठी बुटांचा कारखाना काढला आणि कारखान्याशेजारी कामगारांसाठी आख्खं गावच बांधलं, लाल विटांची एकसारखी घरं, पुढं बागेचा तुकडा, सरळ रस्ते. तीन वर्षांनी त्याच कंपनीनं कोलकात्याजवळ हुगळीच्या काठावर बाटानगर वसवायला घेतलं. म्हणजे बोरोवो आणि बाटानगर ही सख्खी भावंडं, एक डॅन्यूबवर, एक हुगळीवर. मी चिकांना बाटानगरबद्दल सांगितलं तर त्यांना आधी खरंच वाटेना, मग फोनवर फोटो बघत बसले आणि म्हणाले, गेट तर आमच्यासारखंच दिसतंय.

महायुद्धानंतर कारखान्याचं राष्ट्रीयीकरण झालं, नाव नुसतं ‘बोरोवो’ राहिलं. ऐंशीच्या दशकात तिथं वीस हजारांहून जास्त माणसं कामाला होती. एवढी माणसं गावात कुठून असणार, ती तेव्हाच्या युगोस्लाव्हिया देशाच्या कानाकोपऱ्यातून आली, बोस्नियाचे, सर्बियाचे, मॅसेडोनियाचे, कोसोवोचे. एकाच लाइनवर बसून बूट शिवायचे, एकाच कँटीनमध्ये जेवायचे, कारखान्याचाच फ्लॅट मिळायचा. मग लग्नं जुळायची, दुसरं काय होणार. तेता आणि चिकांचं तिथंच जुळलं, ती तळवे चिकटवण्याच्या विभागात होती, तो गोडाऊनला. तिच्या हाताला सोल्युशनचा वास यायचा, तो म्हणे लग्नातही गेला नव्हता, अंगठी घालताना पाद्रीनं नाक मुरडलं. ही गोष्ट ते दोघं प्रत्येक वेळी वेगळी सांगतात.

‘स्टार्टास’ नावाचे कॅनव्हासचे बूट इथलेच, १९७६ पासूनचे, टेबल टेनिससाठी काढले होते, आज झाग्रेबची पोरंपोरी फॅशन म्हणून घालतात.

‘युगोस्लाव’ ही पण एक जात होती का?

जात नाही, जनगणनेतला रकाना. युगोस्लाव्हिया म्हणजे क्रोएशिया आणि सर्बिया धरून सहा प्रजासत्ताकं आणि दोन स्वायत्त प्रांतांचं समाजवादी संघराज्य, टिटोंचं, आपल्या नेहरूंच्या दोस्ताचं. मोजणीत तुम्ही क्रोएट, सर्ब, हंगेरियन असं काहीही सांगू शकत होता, किंवा सरळ ‘युगोस्लाव’ म्हणू शकत होता. ज्यांचे आईबाप वेगवेगळे किंवा ज्यांना या फंदातच पडायचं नव्हतं ते बरेचदा तसं लिहायचे. १९९१ च्या मार्चअखेरीस शेवटची मोजणी झाली तेव्हा वुकोवार तालुक्यात ८४,१८९ माणसं होती, त्यात ४३.८ टक्के क्रोएट, ३७.४ टक्के सर्ब आणि तब्बल ७.३ टक्के ‘युगोस्लाव’. म्हणजे सहा हजारांवर माणसं. काही महिन्यांत त्यांचा देश गेला, रकाना गेला. जमिनीवरून माणसं हाकलतात हे आपण ऐकलेलं असतं, फॉर्मवरून हाकलायचं हे मला इथं कळलं.

भाषा वेगळ्या आहेत का?

आहेत पण आणि नाहीत पण. मी क्रोएशियन शिकले आणि सर्बियन फुकटात आली. फरक आहेत, क्रोएशियन रोमन लिपीत, सर्बियन सिरिलिकमध्येही (रशियनसारखी लिपी) लिहितात आणि रोमनमध्येही. पावाला क्रोएट म्हणतो ‘क्रुह’, सर्ब म्हणतो ‘हलेब’. बेकरीत तुम्ही कुठला शब्द वापरता यावरून तुम्ही कोण ते कळतं, म्हणून काही लोक नुसतं बोट दाखवतात आणि म्हणतात ‘ते अर्धं द्या’. मी स्वतः बघितलंय, काउंटरच्या काचेवर बोट टेकवून, अर्धं.

आपल्याला मजा वाटावी अशी गोष्ट म्हणजे नाती. दीर म्हणजे ‘द्येव्हेर’. सासरा ‘स्वेकर’, आपला श्वशुर. आणि जाऊबाई ‘येतर्वा’, संस्कृतमध्ये यातृ, तिचीच आपली जाऊ झाली. हे मी तेताला समजावलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे जावांची भांडणं पण तेवढीच जुनी.

मग भांडण लागलं कसं? एवढे मिळून राहत होते म्हणता…

लोक याचं उत्तर एका ओळीत मागतात, ‘धर्मावरून ना?’ वगैरे. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. पैसा संपला हे पहिलं. ऐंशीच्या दशकात देश कर्जात बुडाला, महागाई हाताबाहेर गेली, पगार वेळेवर होईनात. जुलै १९८८ मध्ये बोरोवोचे कामगार थेट राजधानी बेलग्रेडला गेले आणि संसदेत घुसले. क्रोएट, सर्ब सगळे एकत्र, मागणी एकच, पगार. चिका पण गेले होते, घरून पावात सॉसेज बांधून नेलं होतं ते संसदेच्या पायरीवर बसून खाल्लं असं सांगतात. म्हणजे युद्धाच्या फक्त तीन वर्षं आधी.

मग १९९० ला बहुपक्षीय निवडणुका झाल्या. झाग्रेबमध्ये क्रोएट राष्ट्रवादी पक्ष आला, बेलग्रेडमध्ये सर्बियाचा नेता मिलोशेविच आधीपासून बसलेलाच. आणि वुकोवारकरांनी तेव्हा निवडून दिले जुने कम्युनिस्ट, म्हणजे त्यातल्या त्यात मिश्र पक्ष. हे कुणी सांगतच नाही! पण बाहेरून भाषणं आली, टीव्ही आला, बंदुका आल्या. २ मे १९९१ ला शेजारच्या बोरोवो सेलो गावात १२ क्रोएशियन पोलीस मारले गेले आणि त्यानंतर परत फिरायला जागा उरली नाही. (बोरोवो सेलो हे सर्बबहुल खेडं, बोरोवो नासेल्ये ही बाटाची कॉलनी, दोन्हीत गल्लत करू नका, तिथं बोलताना तर अजिबात नको.) त्या उन्हाळ्यात गावातले काही सर्ब रात्री घरातून नेले गेले आणि परत आले नाहीत, हेही झालं, आणि ते दरवर्षीच्या स्मृतिदिनाच्या भाषणांत फारसं येत नाही.

वेढा म्हणजे काय झालं होतं?

२५ ऑगस्ट ते १८ नोव्हेंबर १९९१, जवळपास तीन महिने. एका बाजूला युगोस्लाव सेना, रणगाडे, विमानं, सोबत सर्ब निमलष्करी टोळ्या. दुसऱ्या बाजूला सुमारे १,८०० जण, त्यातले बरेच साधे गावकरी. हजारो माणसं तळघरांत. हॉस्पिटलवर बॉम्ब पडत होते, ऑपरेशनं खाली बेसमेंटमध्ये चालायची. स्थानिक रेडिओवर सिनिशा ग्लावाशेविच नावाचा पत्रकार शेवटपर्यंत बोलत राहिला. गाव पडल्यावर २० नोव्हेंबरला हॉस्पिटलमधून जखमी, कर्मचारी आणि इतरांना ओव्चारा नावाच्या शेतीफार्मवर नेलं, मारहाण केली आणि गोळ्या घातल्या. पुढं तिथल्या खड्ड्यातून दोनशे मृतदेह निघाले. त्यात सिनिशा होता.

गाव एवढं मोडलं होतं की नंतरच्या फोटोंत घरं ओळखू येत नाहीत. क्रोएट आणि इतर हजारो हाकलले गेले. तेताला मुलीला घेऊन जावं लागलं, चिका राहिले. सात वर्षं. त्यावर मी जास्त विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारू नका.

यात आपल्याकडचं कोणी होतं का?

हो, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली तिचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मुंबईत जन्मलेले, मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी. वुकोवारचा भाग त्यांच्या ‘सेक्टर ईस्ट’मध्ये यायचा. पुढं नोव्हेंबर १९९५ मध्ये हा भाग शांततेत क्रोएशियाला परत देण्याचा एर्दुत करार झाला, दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचं प्रशासन होतं आणि १५ जानेवारी १९९८ ला हा भाग गोळी न चालता क्रोएशियाकडं आला. वाईट बातम्यांच्या गर्दीत ही एक चांगली निघाली, म्हणून कुणाच्या लक्षात नाही.

आता एकत्र राहतात का?

एकाच रस्त्यावर राहतात, एकाच सुपरमार्केटात जातात, ‘दोबार दान’ (नमस्कार) म्हणतात. पण मुलं वेगळ्या वर्गात. क्रोएट मुलांचे क्रोएशियनमधून, सर्ब मुलांचे सर्बियनमधून सिरिलिकसकट, बालवाडीपासून. हा अल्पसंख्याकांचा हक्क आहे, कायद्यानं दिलेला, सर्बांनी झगडून मिळवलेला, त्यामुळं नुसतं ‘बंद करा’ म्हणता येत नाही. पण शेजारी राहणारी दोन पोरं बारा वर्षं एका बाकावर बसत नाहीत याचं काय होणार ते सांगायला तज्ज्ञ कशाला पाहिजे. कॅफे पण ठरलेले, रेडिओ स्टेशन पण. नव्या माणसाला कळत नाही, मी दोन वेळा चुकीच्या ठिकाणी बसले, म्हणजे चुकीचं असं काही नसतं, कॉफी सारखीच, पण मैत्रीण दारात घुटमळली.

पाट्यांची काय भानगड झाली होती?

इथं ते आकडे लागतात. क्रोएशियाच्या २००२ च्या कायद्यात आहे की एखाद्या ठिकाणी अल्पसंख्याक एक तृतीयांश झाले की त्यांची भाषा आणि लिपी तिथं अधिकृत. २०११ च्या मोजणीत वुकोवारमधले सर्ब निघाले ३४.८७ टक्के. दीड टक्क्यानं पास! मग २०१३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी कचेऱ्यांवर दोन लिप्यांतल्या पाट्या लागल्या आणि लोकांनी हातोड्यांनी फोडल्या. जुने सैनिक रडत होते, म्हणत होते याच लिपीत रणगाड्यांवर लिहिलेलं होतं. दुसरे म्हणत होते, लिपीनं काय केलंय, माझ्या आजीची प्रार्थना या लिपीत आहे. मला दोन्ही ऐकून गप्प बसावं लागलं. बेळगावच्या पाट्या बघत मोठं झालेल्या माणसाला यात नवीन वाटण्यासारखं काही नाही, फक्त इथं मागं ओव्चारा आहे.

मग कोर्ट, ठराव, परत कोर्ट, आणि २०२१ ची मोजणी आली तर सर्ब २९.७३ टक्के. म्हणजे एक तृतीयांशाच्या खाली. दशांशापर्यंत हिशेब, बाटाच्या किमतीसारखा. आणि टक्का का घसरला? क्रोएशिया २०१३ ला युरोपियन युनियनमध्ये गेला, दार उघडलं, तरणी माणसं जर्मनी, आयर्लंडला गेली. क्रोएट पण गेले, सर्ब पण गेले. भांडायला टक्के उरले.

पाण्याची टाकी बघायला लोक का जातात?

कारण वेढ्यात तिच्यावर ६०० च्या वर तोफगोळे आदळले आणि ती पडली नाही. पन्नास मीटर उंच, लाल विटांची, साठच्या दशकातली. भोकं तशीच ठेवून आतून दुरुस्त केली, २०२० पासून वर जाता येतं. वरून डॅन्यूब, मक्याची शेतं आणि पलीकडं सर्बिया, सगळं सपाट. जवळच चार-पाच किलोमीटरवर वुचेदोल, पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती, तिथं १९३८ मध्ये सापडलेलं मातीचं पाखरू म्हणजे ‘वुचेदोलचं कबूतर’, आता झाग्रेबच्या म्युझियममध्ये. अभ्यासक म्हणतात ते कबूतर नाहीच, तित्तिर असावा. त्याचीसुद्धा ओळख पक्की नाही बघा.

खायला काय मिळतं? व्हेज?

व्हेजवाल्यांनी चीज, भाजलेल्या लाल मिरच्यांचं आयवार आणि पाव यांवर दिवस काढायचे. बाकीच्यांसाठी ‘फिश पाप्रिकाश’, नदीच्या माशांचा लालभडक रस्सा, विस्तवावर लटकवलेल्या कढईत तासभर उकळतात, ढवळायचं नाही, मासा मोडतो, फक्त कढई हँडलला धरून हलवायची. काटे मोजता येणार नाहीत एवढे, आणि खाली रुंद नूडल्स. तिखट म्हणतात पण आपल्याला पुरणार नाही, मी साताऱ्याहून कांदा-लसूण मसाला नेते, चिका हल्ली स्वतः चमचा मागतात. हा पदार्थ क्रोएटांचा, सर्बांचा का हंगेरियनांचा, असं विचारू नका, रात्र जाईल.

जायचं कसं?

शेंगेन व्हिसा, २०२३ पासून क्रोएशिया त्यात आहे आणि पैसे पण युरो. झाग्रेबहून बसनं चार-पाच तास, नाहीतर ट्रेननं विंकोव्त्सी आणि तिथून पुढं बस. १८ नोव्हेंबरला गेलात तर हॉस्पिटलपासून स्मशानभूमीपर्यंत मूक मोर्चा असतो, देशभरातून लोक येतात, तिथं ९३८ पांढरे क्रॉस आहेत. त्या दिवशी हॉटेल मिळत नाही आणि सेल्फी काढू नका.

तुझ्या मैत्रिणीनं जनगणनेत काय लिहिलं?

हा प्रश्न मावशीचा. तेतानं लिहिलं क्रोएट, चिकांनी सर्ब, दोघं एकाच टेबलावर बसून, मोजणी करणाऱ्या पोरीला कॉफी देऊन. मैत्रिणीची नोंद झाग्रेबला झाली, तिथं तिनं ‘सांगायचं नाही’ हा पर्याय निवडला. म्हणजे वुकोवारच्या ३४.८७ मध्ये पण ती नाही आणि २९.७३ मध्ये पण नाही. तेता अजून तिच्यावर रागावलेली आहे, सर्ब लिहिलं असतंस तरी चाललं असतं म्हणते, पण पत्ता तरी इथला द्यायचा होतास.